नूरीला न शिकवलेला धडा

डेपोत माझी पोस्टिंग झाली ती हिवाळ्याच्या तोंडावर. तोवरची नोकरी घोड्यावर बसण्यात गेली होती, आता घोड्यांना माणूस बसू द्यायला शिकवायचं होतं. मी तेव्हा लान्स दफेदार होतो. डेपोचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. हिमालयाच्या पायथ्याशी, उसाच्या शेतांना लागून असलेली ती छावणी. पाठीवर कधी काही न घेतलेले कोवळे घोडे तिथं यायचे. त्यांना रिमाउंट म्हणतात. त्यांना डोंगरातल्या कामासाठी तयार करायचं आणि पुढं युनिटच्या हवाली करायचं, हे आमचं काम.

गावात लोक विचारतात, माणिकराव, फौजेत काय केलं? मी सांगतो, घोडे शिकवले. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण त्याला बंदुकीच्या गोष्टी ऐकायच्या असतात. खरं सांगायचं तर मी गोळी झाडली ती फायरिंग रेंजवरच. पण एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि तो कसा गेला हे आमच्या जिल्ह्यात बरेच लोक अजून चुकीचं सांगतात. म्हणून हे लिहायला बसलो.

डेपोतला दिवस ठरलेला असायचा. उजाडायच्या आत पागेत हजर. लीद काढणं, पाणी, खरारा, तोबरा. मग रायडिंग स्कूल. दुपारी खुरांची तपासणी आणि खोगिरांची साफसफाई, संध्याकाळी पुन्हा पाणी. घोड्याला रविवार कळत नाही, त्यामुळं आम्हालाही तो कधी फारसा कळला नाही.

पहिल्याच सकाळी हौदावर एक सवार एका थोराड खच्चराशी बोलताना दिसला. डोकं बाजूला घेऊन अगदी शांतपणे बोलत होता.

"सरक की जरा. तुला एकट्यालाच तहान लागली का काय?"

मी जागीच थांबलो. घरापासून इतक्या लांब ही बोली कानावर पडली, आणि तीही खच्चराशी. मी विचारलं, कुठला रं तू? तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, चुडावा, तालुका पूर्णा. मी देवगाव फाट्याजवळचा म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "म्हंजी सेलूकडचे. मग घरचेच की तुमी." त्या दिवसापासून परेडवर मी त्याचा दफेदार आणि परेड सुटली की माणिकभाऊ झालो.

त्याचं नाव मन्मथ तोडकर. घर लिंगायताचं. अंगानं किडकिडीत, उंची भरतीच्या मापात कशीबशी बसलेली. गळ्यात लिंग, बनियनच्या आत. मांसाला हात लावायचा नाही. मेसमध्ये मटणाचा दिवस असला की त्याच्या ताटात डाळ आणि बटाटा, आणि त्याचं मटण कुणी घ्यायचं यावरून बाकीच्यांची भांडणं. पोरं त्याला महाराज म्हणून चिडवायची. तोही मग कुणी फार डोक्यावर बसलं की हात वर करून आशीर्वाद द्यायचा.

आमच्याकडं घोडा तयार करायची जुनी रीत अशी होती, की चार माणसांनी त्याला दोरात घ्यायचं, एक पाय बांधायचा, अंगावर पोती टाकायची आणि तो थकून हात टेकेपर्यंत सोडायचं नाही. त्या रीतीनं शेकडो घोडे तयार झाले आणि त्यांनी इमानानं काम केलं, हेही सांगितलं पाहिजे. आमचे रिसालदार साब त्याच रीतीत वाढलेले होते आणि त्यांच्याइतका पक्का स्वार मी दुसरा पाहिला नाही. पण आमचे मेजर साब, जनावरांचे डॉक्टर, कुठूनसा एक कोर्स करून आले आणि त्यांनी वेगळी रीत दाखवली. मन्मथनं ती त्यांच्याकडून घेतली आणि मग त्याला दुसरं काही सुचेना.

ती रीत मी आज माझ्या शेतातही वापरतो. वरातीच्या घोड्या घेऊन लोक येतात, पार पाथरीपासून येतात. बँडला बुजते, माणसाला चावते, बसू देत नाही, अशा तक्रारी. त्यांना मी जे सांगतो तेच इथं लिहितो. घोडा हे दुसऱ्याचं खाद्य म्हणून जन्मलेलं जनावर आहे. कुणीही डोळ्यांत डोळे घालून सरळ चालत आलं की त्याला वाटतं, आता आपल्याला खाणार. म्हणून गोल कुंपणात त्याला मोकळं सोडायचं. आधी आपण सरळ उभं राहायचं, हात पसरायचे, दोर फिरवायचा आणि त्याला आपल्यापासून दूर हाकलायचं. तो कडेकडेनं पळतो. आपण मधे. मग त्याचा आतला, म्हणजे आपल्या बाजूचा कान आपल्याकडं वळतो, मान खाली येते, तोंड चघळल्यासारखं हलतं. तो विचार करायला लागलेला असतो. त्या क्षणी आपण नजर काढून घ्यायची, पाठ फिरवायची आणि स्वस्थ उभं राहायचं. थोड्या वेळानं तो आपणहून मागं येऊन उभा राहतो. त्यानंतर सगळं सोपं असतं. दाब द्यायचा तो बोटाएवढा, आणि घोड्यानं एवढंसं ऐकलं की तत्क्षणी सोडायचा. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटण्यानं शिकतो.

स्वारांनाही शिकवावं लागायचं, किंबहुना जास्त. मन्मथ दोघांना एकामागं एक उभं करायचा. एकानं घोडा व्हायचं, डोळे मिटायचे आणि लगामाची टोकं हातात धरायची. दुसऱ्यानं मागून लगाम चालवायचा. घोडा झालेल्या माणसाला कळायचं की आपण ज्याला हलका हात म्हणतो तो किती जड असतो. एकदा रिसालदार साब स्वतः घोडा झाले. एका नव्या जवानानं घाबरून लगाम ओढला तसे ते डोळे न उघडता म्हणाले, "बेटा, मेरे दाँत नकली हैं." सगळं मैदान हसलं.

नूरी त्याच हिवाळ्यात आली. मुश्की, म्हणजे काळ्याभोर रंगाची, मध्यम बांध्याची, डोंगरासाठी घडवल्यासारखी घोडी. पण वाटेत रेल्वेच्या डब्यात काहीतरी झालं होतं. काय ते कधी कळलं नाही. उतरली तीच कपाळावर आणि मांड्यांवर जखमा घेऊन. चार माणसांनी दोरात घेतली तर तिनं एकाचा खांदा चावून फोडला आणि कुंपणाची फळी लाथेनं मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. दाणा टाकायला गेलेल्या माणसावर कान मागं टाकून धावून यायची. महिनाभर तिनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. पुढं बोर्ड बसणार होता. जे जनावर कामाचं नाही ते बोर्ड काढून टाकतो, आणि अंगावर येणाऱ्या घोडीला दुसरीकडं कुणी घेत नाही. तिच्या नशिबी इंजेक्शन होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मन्मथ मेजर साबांसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं घोडी मागितली. बोर्ड बसेपर्यंत. मेजर साबांनी दिली.

गोल कुंपणात तिला सोडली तेव्हा मेजर साब आणि मी बाहेर उभे होतो. मन्मथ आत गेला. त्यानं दोर फिरवला नाही, हात पसरले नाहीत. एक बादली उलटी घातली, तिच्यावर घोडीकडं पाठ करून बसला आणि जमिनीवरचे खडे उचलायला लागला.

मेजर साब म्हणाले, "तोडकर, पहला कदम छोड़ रहे हो."

"साब," मन्मथ बसल्या जागेवरून म्हणाला, "इसको आज तक सबने भगाया ही है. मैं और कितना भगाऊँ?"

मेजर साबांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. मलाही ते पटलं. आजही कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, त्या घोडीला त्या वेळी तेच हवं होतं.

तो रोज तसा बसायचा. गुणगुणायचा, घरच्या गोष्टी सांगायचा. बहिणीचं सासर पाथरीला हाय, अप्पा आता थकलेत, औंदा हळद बरी हाय, असं सगळं त्या घोडीला माहीत झालं. ती कुंपणाच्या पार टोकाला उभी राहायची. मग थोडी अलीकडं. एका दुपारी मी खोगीर पुसत बाहेर बसलो होतो. मन्मथ हळूच म्हणाला, "माणिकभाऊ, हलू नका. बघायलीय ती." मी मान वर केली नाही. घोडी चालत आली, त्याच्या मागं थांबली, आणि तिनं तिचं नाक त्याच्या खांद्यावर टेकवलं. त्यानं वळून पाहिलं नाही, हात लावला नाही, नुसता बसून राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं घोड्यांत काढलेला माणूस मी, पण आलं.

त्यानंतर ती त्याची सावली झाली. तोंडावरचं हॉल्टर नको, दोर नको. तो पाठ फिरवून चालायला लागला की ती मागं निघायची. तो थांबला की थांबायची. पोरं म्हणायची, महाराजांना शिष्या मिळाली. बोर्डाच्या दिवशी तो तिला तशीच मोकळी मैदानात घेऊन आला, मग एका नव्या रंगरुटाला तिच्यावर बसवलं आणि स्वतः बाजूला झाला. घोडी वर्तुळात शांत चालली. बोर्डाचे कर्नल साब तिच्या मागून पुढून फिरले, चारी पाय उचलून पाहिले आणि म्हणाले, फिट. मन्मथ कडक सॅल्यूट ठोकून परत आला आणि पागेच्या मागं जाऊन लहान मुलासारखा रडला.

उन्हाळ्यात घोड्यांची एक तुकडी वर डोंगरातल्या युनिटला द्यायची होती. नूरी त्यात होती. नव्या जागी जनावरं रुळेपर्यंत आम्ही दोघंही त्यांच्यासोबत अॅटॅचमेंटवर गेलो. तिथं रस्ता एका ठिकाणी संपतो. त्याच्या वरच्या चौक्यांना रेशन, रॉकेल, सगळं जनावरांच्या पाठीवर जातं आणि आजारी माणूस खाली येतो तोही बहुतेक जनावराच्या पाठीवरच. नूरी त्या कामात पहिल्या दर्जाची निघाली. अवघड जागी ती आधी खाली मान घालून वाट हुंगायची, मगच पाय टाकायची. मन्मथ तिला कधी घाई करायचा नाही. तो म्हणायचा, "चार पाय तिचे हायत. टाकायचे कुठं हे तिलाच ठरवू द्या."

पहिला बर्फ पडून गेला आणि त्यावर दोन दिवस पाऊस झाला. त्या सकाळी वरच्या चौकीवरून खाली वायरलेस गेला. एका जवानाच्या छातीत पाणी झालं होतं. उंचीवर असं होतं. त्यावर खाली आणणं हाच इलाज. ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. आम्ही रेशन घेऊन वरच होतो. चौकीच्या कॅप्टन साबांनी पार्टी काढली. ते स्वतः, एक नर्सिंग हवालदार, स्ट्रेचर घेतलेले चार जवान, मन्मथ, नूरी आणि मी. उतार सोपा होता तोवर पेशंट नूरीच्या पाठीवर बांधलेला, एका बाजूनं हवालदार ऑक्सिजन धरून, पुढं मन्मथ.

वाटेत एक नाला होता. डोंगराची बाजू तिथं कायम ढासळत असायची. पायवाट अरुंद, वर मोकळी दरड, खाली खोल घळ. पलीकडची कडा हाकेच्या अंतरावर. रेशन घेऊन वर जाताना आम्ही तिथूनच गेलो होतो. नूरी त्याच्या काठाशी आली आणि चारी पाय रोवून उभी राहिली. कान वर दरडीकडं. नाकपुड्या फुगलेल्या.

"क्या हुआ?" कॅप्टन साबांनी विचारलं.

"साब, ये ना बोल रही है," मन्मथ म्हणाला. "मैं इसको नहीं धकेलूँगा."

कॅप्टन साब वयानं लहान होते पण डोकं शांत होतं. त्यांनी दुर्बीण लावून वर पाहिलं. दरडीच्या माथ्यावरून बारीक खडे घरंगळत होते, पाऊस नसताना. वायरलेसवर खालून विचारणा आली.

"पेशंट का क्या हाल है? ओव्हर."

"ऑक्सिजन कम है. नाले पर हैं. पेशंट को हाथ से पार करेंगे, जानवर पीछे छोड़ रहे हैं. ओव्हर."

"रॉजर. जल्दी करो. आऊट."

पेशंटला स्ट्रेचरवर घेतलं. आधी कॅप्टन साब, मग स्ट्रेचर, मग हवालदार, मग मी. मधे अंतर ठेवून, न बोलता, जपून पण भरभर. सगळे पलीकडं पोचलो. मन्मथ शेवटी राहिला. डोंगरात अशा वेळी जनावराचं सामान उतरवून त्याला मोकळं करतात. दाणापाणी जिथं मिळतं ती जागा त्याला माहीत असते. कुठलंही खच्चर वळून सरळ चौकीची वाट धरतं. मन्मथनं खोगीर उतरवलं, हॉल्टर काढलं, दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. तिच्या मानेवर हात फिरवला. तिचं तोंड चौकीच्या दिशेला करून दिलं आणि तो नाल्यात उतरला.

तो निम्म्यात आला असेल नसेल, आणि नूरी वळली. तिनं दरडीवर पाय टाकला. ज्या जागेला ती पेशंट पाठीवर असताना नको म्हणाली होती त्याच जागेवर.

आम्ही ओरडलो. मन्मथनं मागं पाहिलं. त्यानं दोन्ही हात वर केले. "जा," तो म्हणाला. "माघारी जा." घोडी थांबली. कान त्याच्याकडं लावून उभी राहिली. वर केलेल्या हातांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. हात पसरून दूर हाकलण्याची ती पहिली पायरी मन्मथनं तिच्या बाबतीत गाळली होती. ती थांबली हे बघून तो पुन्हा आमच्याकडं वळला आणि चालायला लागला, आणि पाठ फिरवणं म्हणजे ये, एवढं एकच तिला पक्कं शिकवलेलं होतं. ती पुन्हा निघाली. वरून आता मुठीएवढे दगड यायला लागले.

कॅप्टन साब ओरडले, "तोडकर, छोड़ उसे! आ जा इधर!"

मन्मथनं आमच्याकडं पाहिलं. मला वाटलं, येतोय. पण त्याचं गणित वेगळं होतं, आणि ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो आला असता तर ती येणारच होती, त्या सगळ्या दरडीवरून, त्याच्या मागं. तो उलटा फिरला आणि तिच्याकडं धावला. खांद्यावरचा दोर हातात घेतला आणि तिच्या छातीवर मारला. ती हलली नाही. दुसरा मारला. तिनं मान पुढं केली, नेहमीसारखी, त्याच्या खांद्याकडं. तिसऱ्यांदा त्यानं सगळ्या ताकदीनं मारला आणि काहीतरी ओरडला, ते आम्हाला ऐकू आलं नाही. घोडी गर्रकन वळली आणि चार उड्यांत काठावर गेली, तिथून वर, दिसेनाशी झाली.

ती गेली याची खात्री करायला तो क्षणभर तिथंच उभा राहिला. त्या क्षणात दरड आली. आवाज आधी ऐकू आला, मग धूळ उठली, आणि धूळ बसली तेव्हा वाटही नव्हती आणि मन्मथही नव्हता.

कॅप्टन साबांनी सेट हातात घेतला. "वन मॅन डाउन. रिपीट, वन मॅन डाउन." त्यांनी स्ट्रेचर पुढं पाठवलं आणि आम्ही दोघं दोर बांधून घळीत उतरलो. अंधार पडेपर्यंत हातांनी दगड उपसले. दुसऱ्या दिवशी आणखी माणसं आली तेव्हा तो सापडला. पेशंट वाचला. तो त्रिचीकडचा होता, मला पुढं इस्पितळात भेटला, त्याला काही आठवत नव्हतं. एका जिवाच्या बदल्यात एक, असा हिशेब काही जण मांडतात. तो मला पटत नाही. पेशंट तर पलीकडं पोचलेला होता.

शवपेटी बंद करायच्या आधी मी इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारून मन्मथचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली. मग एस्कॉर्ट म्हणून त्याच्यासोबत चुडाव्यापर्यंत आलो. स्टेशनापासून शेतापर्यंत माणसंच माणसं होती. दुकानं बंद. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, समाधी देतात, आणि तीही बसवून. खड्डा तसाच खणलेला होता, खोल आणि चौकोनी. आमची पेटी लांब होती आणि ती उघडायची नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं. स्वामी आणि गावातली जाणती माणसं बाजूला जाऊन बोलायला लागली. बसवल्याशिवाय कसं चालेल, असं कुणी म्हणत होतं. मी लिंग हातात आहे हे सांगितलं, तरी पेच सुटेना. गार्डची पोरं रायफली घेऊन ताटकळत उभी.

मन्मथचे वडील, नागनाथअप्पा, खड्ड्याच्या काठावर बसले होते. ते उठले.

"खड्डा लांब करा," ते म्हणाले. "लय लांबून आलाय. निजू द्या त्याला."

पोरांनी फावडी घेतली. स्वामींनी मंत्र म्हटले, गार्डनं सलामी दिली, बिगुल वाजला. सवार मन्मथ नागनाथ तोडकर, राहणार चुडावा, आपल्या बापाच्या हळदीच्या शेतात आडवा निजला. मी परत निघालो तेव्हा त्याची बहीण महानंदा माझ्यासमोर आली. पाथरीला कुणीतरी तिला सांगितलं होतं की घोडी बिथरली आणि तिनं भावाला दरीत ढकललं.

"जिनं माझा भाऊ खाल्ला," ती म्हणाली, "तिला अजून चारा घालायलेत का तुमी?"

मी हात जोडले आणि गाडीत बसलो.

नूरी सापडली होती. चौकीची वाट निम्मी चढून ती एका कड्याशी उभी होती. तिच्या छातीवर दोराचा वळ होता. तिला खाली आणली, पुढं ती डेपोत परत आली. मला भीती होती की ती पुन्हा पहिल्यासारखी होईल, चावेल, अंगावर येईल. तसं काही झालं नाही. तिनं हॉल्टर घालू दिलं, खोगीर घेऊ दिलं, सगळी वर्षं काम केलं, एकदाही चुकली नाही. पण मोकळी असताना ती आपणहून कुणाच्या जवळ आली नाही. मी कितीदा तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो. मेजर साबही राहिले. ती लांबून बघत राहायची. पुढं म्हातारी झाल्यावर तिला डेपोच्या कुरणात सोडलं, तेव्हा मी रिटायर होत होतो. शेवटच्या दिवशी मी कुरणात जाऊन तिच्याकडं पाठ करून बराच वेळ बसलो. मागं पावलं वाजली नाहीत.

पण हे खूप नंतरचं. मन्मथ गेला त्यानंतरची माझी पहिली सुट्टी हिवाळा सरल्यावर आली. घरी जायच्या आधी मी चुडाव्याला उतरलो. अप्पांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. महानंदा आलेली होती, ती हळद पालथी करत होती. अप्पांनी 'शरणार्थ' म्हणत हात जोडले आणि मला खाटेवर बसवलं. पाणी प्यायलो. मग मी जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. बादलीवर बसण्यापासून, ती खांद्यावर नाक टेकवायची तिथपासून, नाल्यापर्यंत. घोडीनं ढकललं नाही हे सांगितलं. तिनं आधीच धोका ओळखला होता, आणि ती फक्त त्याच्यासाठी त्या दरडीवर उतरली, हेही सांगितलं. महानंदानं हातातलं काम थांबवलं होतं पण ती माझ्याकडं बघत नव्हती.

दोराचं सांगताना मी अडखळलो. ते गाळावं असं मनात आलं होतं. पण ते गाळलं असतं तर मग मी आलोच कशाला असतो.

"मारलं?" अप्पांनी विचारलं. "आमच्या मन्मथनं?"

"हो अप्पा. ती जावी म्हणून. दुसरा इलाजच न्हवता."

लहानपणी हा पोरगा बैलालाही चाबूक लावू द्यायचा नाही, एवढंच महानंदा म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मला आता अप्पा काय विचारतील याची धास्ती वाटत होती. शेवटी काय बोलला, त्रास झाला का, असं आईबाप विचारतात. त्याची उत्तरं माझ्याकडं नव्हती.

"लय लागलं का तिला?" अप्पांनी विचारलं.

वळ उठला होता, पण तो गेला, एवढं कसंबसं सांगितलं.

अप्पांनी मान हलवली. हळदीचं एक हळकुंड उचललं, बोटांत फिरवलं, परत जागेवर ठेवलं.

"त्याला सवय न्हवती," ते म्हणाले. "किती जोरात मारायचं, हे कळलं नसंल त्याला."